वाढीव तीस घोडे

सकाळी पावणेनऊला ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांचा फोन आला, तेव्हा काटेसाहेब चहात बिस्किट बुडवत होते. फोन बायकोनं घेतला. "हो... अरे देवा... हो, बघते," एवढं बोलून तिनं तो ठेवला. "मास्तरांच्या गाडीचा क्लच गेला. स्वतःची गाडी आणली तरच आज टेस्ट, नाहीतर पुढची तारीख सहा आठवड्यांनी. अहो, आपलीच गाडी घेऊन जाऊ."

बिस्किटाचा तुकडा मोडून कपाच्या तळाशी गेला.

"आपली?" काटेसाहेब म्हणाले.

"मग काय शेजाऱ्यांची?"

काटेसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते वजनमापे निरीक्षक. दुकानोदुकानी फिरून तराजू, काटे, वजनं तपासायची, हे काम बावीस वर्षं केल्यावर दुकानदारांनी त्यांचं बारसं करून टाकलं आणि ते नाव घरापर्यंत आलं. "साहेब, आईशप्पथ, माझ्या हाताला बरोबर लागतंय," असं कुणी म्हटलं की साहेबांचं उत्तर ठरलेलं. "हाताचं सांगू नका. काट्यावर विश्वास ठेवा." आता असा हा ग्रॅमग्रॅमचा हिशेब मागणारा माणूस घरात मात्र आठ महिने एक लफडं लपवून बसला होता. लफडं खाली पार्किंगमध्ये उभं होतं. निळ्या रंगाचं.

गाडी तशी छोटी. दिसायला साबणाच्या डबीएवढी, पण आत टर्बो. ती घेताना बायकोनं एकच वचन घेतलं होतं, की कंपनीनं दिली तशी ठेवायची, हात लावायचा नाही. त्याला कारण होतं. आधीच्या गाडीत साहेबांनी इतक्या सुधारणा केल्या होत्या की सख्ख्या मेव्हण्याच्या लग्नाला ही दोघं क्रेनच्या मागे टांगलेल्या गाडीतून पोचली. वरातीआधी ती वरात लोकांनी बघितली. त्या दिवशी साहेबांनी कानाला खडा लावला होता.

खडा जेमतेम वर्षभर टिकला. साहेबांचा एक वर्गमित्र होता, सगळे त्याला उस्ताद म्हणत. त्याचा धंदाच गाड्या ट्यून करण्याचा. तो एका रविवारी म्हणाला, "अरे, कंपनी इंजिनाचा गळा दाबून देते. कॉम्प्युटरमधला प्रोग्राम बदलला की झालं. तीस घोडे फुकट वाढतात!" तीस घोडे! ज्या माणसाला पन्नास ग्रॅम जास्त आलेली साखर परत देण्याची सवय, त्यानं तीस घोडे मुकाट्यानं घरी आणले. दुसऱ्या दिवशी सिग्नलला पाय दाबला तर चाकं जागच्या जागी चर्रकन फिरली आणि साहेब आनंदानं ओरडले. तेव्हापासून बायको शेजारी असली की ते ॲक्सिलरेटर अंड्यावर पाय ठेवल्यासारखा दाबत. एकटे असले की वेगळे. सर्व्हिसिंगनंतर तर गाडी आणखीच खुलली, असं त्यांनी उस्तादला फोन करून कळवलंसुद्धा होतं.

आणि आता ह्या तीस घोड्यांवर बायको बसणार होती. तीही टेस्टला!

टेस्ट साधी नव्हती. बायको इस्पितळात परिचारिका. बढती मिळाली होती, पण घरोघरी जाऊन म्हाताऱ्या रुग्णांना बघण्याची. सोमवारी रुजू व्हायचं आणि परवाना दाखवायचा, नाहीतर जागा दुसऱ्या बाईला. दोनदा ती नापास झाली होती. पहिल्यांदा चढावर गाडी बंद पडून मागे घसरली. दुसऱ्यांदा रिव्हर्स घेताना एक नारिंगी शंकू गाडीखाली आला आणि मैदानभर सोबत फिरला. बिचारी दोन्ही वेळा घरी येऊन रडली होती. तिसऱ्यांदा नापास झाली तर, आणि तेही आपल्यामुळे, ह्या विचारानं काटेसाहेबांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला.

"आपल्या गाडीचा क्लच जड आहे गं," त्यांनी एक खडा टाकून बघितला.

"मास्तरांच्या गाडीचा दोन्ही पायांनी दाबावा लागायचा."

"तुला सवय नाही."

"म्हणून तर आत्ताच निघू. जाताना मीच चालवते, हात बसेल. आई, येताय ना?"

"येते तर!" आतून साहेबांच्या आईंचा आवाज आला. "दोन वेळा मी नव्हते, म्हणूनच नापास झाली ती."

साहेब "काच पुसून येतो" म्हणून खाली पळाले आणि उस्तादला फोन लावला. "जुना प्रोग्राम परत टाक. आत्ता. तासाभरात."

"मी गावाला आलोय रे. परवा ये."

"परवा मला घराबाहेर काढलेलं असेल!"

उस्ताद खो खो हसला, मग म्हणाला, "बरं, एक जुगाड सांगतो. बॉनेट उघड. टर्बोच्या बाजूला एक गोल डबी आहे, तिला करंगळीएवढा काळा रबरी पाइप जातो. तो काढ आणि ठेव खिशात. टर्बो झोपला समज. गाडी गरीब गाय होईल."

अडला हरी, दुसरं काय करणार! साहेबांनी पाइप उपसला, रुमालात गुंडाळला आणि पँटच्या खिशात टाकला. बॉनेट लावलं. काच पुसायची राहिलीच.

गाडी गाय झाली खरी, पण आजारी गाय. बायकोनं गिअर टाकला, पाय दाबला, तर आतून फुस्स असा आवाज आला आणि गाडी नाइलाजानं निघाली. मुख्य रस्त्यावर तिनं आणखी दाबला. फुस्स आवाज तेवढा वाढला.

"अहो, आज हिला काय झालंय?"

"कुठं काय? शांत आहे. टेस्टला शांतच गाडी बरी."

"अरे, ती सायकल पुढे गेली," मागून आई म्हणाल्या.

"जाऊ दे गं आई, त्याला घाई असेल."

"सायकलीवर आजोबा होते. आणि तो समोर पिवळा दिवा लागलाय, तो छान दिसतोय. नवीन बसवलास का?"

साहेबांनी बघितलं. इंजिनाचं चित्र असलेला दिवा लागला होता. पुलाच्या चढावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रडू लागली, पहिल्यात टाकल्यावर कशीबशी वर आली. बायकोच्या कपाळावर घाम होता. "पुलाला ही तऱ्हा, तर तिथल्या चढाचं काय होणार?" ती पुटपुटली. साहेबांचा हात नकळत खिशावर गेला.

टेस्टच्या मैदानावर आधी पाच गाड्या होत्या. परीक्षक बाई उंच, करड्या, हातात पुठ्ठा आणि त्याला दोरीनं बांधलेलं पेन. मैदानाच्या टोकाला तो चढ होता. चढाच्या मध्यावर थांबायचं, हँडब्रेक ओढायचा, आणि मागे वीतभरही न घसरता निघायचं. वर पोचलं की समोर परीक्षक बाईंची पत्र्याची टपरी. पहिलाच पोरगा चढावर घसरला. बाईंनी पुठ्ठ्यावर फुली मारली. त्या फुलीचा आवाज साहेबांना लांबून ऐकू आल्यासारखा वाटला.

आता त्यांचं डोकं भराभर चालू लागलं. पाइप खिशात राहिला, तर गाडी चढावर बंद पडणार, म्हणजे नापास. पाइप परत लावला, तर तीस घोडे जागे होणार, गाडी उसळी मारून थेट टपरीत, म्हणजे नापास आणि वर पोलीस. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे बायको, जी स्टिअरिंगला हात लावून डोळे मिटून "क्लच, हँडब्रेक, आरसा" असं पाठ म्हणत होती. तिच्याकडे बघून काटेसाहेबांना स्वतःची इतकी लाज वाटली, की बोलल्याशिवाय राहवेना.

"अगं," ते म्हणाले, "मी एक गाढवपणा केलाय."

"आत्ता?"

"आठ महिन्यांपूर्वी. आणि आज सकाळी. म्हणजे दोन गाढवपणे." मग त्यांनी एका दमात पहिला गाढवपणा सांगितला. उस्ताद, प्रोग्राम, तीस घोडे, चाकं फिरली ते, वचन मोडलं ते. "तुला काय बोलायचं ते बोल, पण आज टेस्ट देऊ नकोस. ही गाडी तुला सांभाळायची नाही. मी त्या बाईंचे पाय धरतो, उद्याची तारीख मागतो."

बायकोनं डोळे उघडले. "झालं बोलून?"

"पहिल्याचं झालं."

"अहो, ते घोडे केव्हाच गेले."

"कुठं गेले?"

"आठ महिन्यांपूर्वीच तुम्ही दौऱ्यावर गेलात, आठवतंय? त्याच आठवड्यात सर्व्हिसिंगवाला माणूस गाडी न्यायला आला. संध्याकाळी त्याचा फोन. 'मॅडम, कुणीतरी गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये हात घातलाय. मूळचा प्रोग्राम टाकू का?' म्हटलं, टाका. गाडी आली तशी आहे तेव्हापासून."

काटेसाहेबांचं तोंड उघडं राहिलं. "शक्यच नाही. मला रोज जाणवते ना ताकद! घरापासून ऑफिसपर्यंत दोन मिनिटं वाचतात!"

"तुम्ही जोरात चालवत असाल."

"मग तू मला बोलली का नाहीस?"

"आधी खूप रागावले होते. म्हटलं, येऊ द्या घरी. पण दौऱ्यावरून आलात, दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन गेलात आणि संध्याकाळी शीळ घालत जिना चढलात. बावीस वर्षांत तुम्ही ऑफिसातून शीळ घालत आला नव्हतात. आमच्या वॉर्डात साखरेच्या गोळीनं बरे होणारे पेशंट असतात, त्यांना आम्ही सांगत नाही." तिच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं आणि लगेच गेलं. "थांबा. मग आज गाडी अशी का मेलीय?"

साहेबांनी खिशातून रुमाल काढला आणि उलगडला.

मागच्या सीटवरून आई पुढे वाकल्या. "हे काय, गाडीचं आतडं?"

"अहो!" बायको ओरडली. "लावा आधी ते! माझा नंबर आला!"

पुढची दोन मिनिटं काटेसाहेब आयुष्यात कधी विसरणार नाहीत. इंजिन तापलेलं, बोट डबीला लागलं की चर्र व्हायचं, आणि पाइपाचं तोंड काही केल्या बसेना. तेवढ्यात मागे चपलांचा आवाज आला.

"टेस्टच्या वेळी बॉनेट का उघडं?" परीक्षक बाईंनी विचारलं.

"काच... काच पुसत होतो," साहेब ततपप करत म्हणाले.

बाईंनी काचेकडे बघितलं. ती धुळीनं माखली होती. "बाहेरून पुसतात ती," त्या म्हणाल्या.

टक्, असा आवाज झाला. पाइप बसला होता. बॉनेट खाली आलं, बायकोनं गाडी बंद करून पुन्हा सुरू केली आणि पिवळा दिवा विझला. फुस्स आवाजही गेला. परीक्षक बाई शेजारी बसल्या. साहेब आणि आई बाकावर येऊन बसले. साहेबांनी चार बोटं तोंडात धरली होती, अर्धी भीतीनं आणि अर्धी भाजल्यामुळे.

आठचा आकडा झाला. रिव्हर्स झालं, सगळे शंकू जागच्या जागी उभे. मग गाडी चढावर गेली, मध्यावर थांबली. एक क्षण ती किंचित मागे आल्यासारखी वाटली आणि साहेबांनी डोळे मिटून घेतले.

"मुंगीएवढीही नाही सरकली," आई म्हणाल्या. "बघ तरी! काय ऐटीत वर गेली!"

परीक्षक बाई उतरल्या, पुठ्ठ्यावर काहीतरी लिहिलं आणि पहिल्यांदाच हसल्या. बायको गाडीतून उतरून धावतच आली. तिनं काही सांगायची गरज नव्हती. साहेबांचा जीव भांड्यात पडला. बायकोनं पर्समधून मलम काढलं आणि त्यांच्या बोटांना लावता लावता म्हणाली, "घरी गेल्यावर रागावणार आहे मी. आत्ता नाही. आत्ता मला फार आनंद झालाय."

"रागाव," काटेसाहेब म्हणाले. "पाहिजे तेवढी रागाव." त्यांना खरोखरच इतकं हलकं वाटत होतं की कुणी चार शिव्या दिल्या असत्या तरी त्यांनी आभार मानले असते. आठ महिन्यांनी पहिल्यांदा पोटात काही लपवलेलं नव्हतं.

परतताना बायकोच गाडी चालवत होती. मोकळा रस्ता लागला, तिनं पाय दाबला, टर्बो जागा झाला आणि साहेबांची पाठ सीटला टेकली.

"अगं, हळू! हळू!" त्यांनी दाराचं हँडल पकडलं. "केवढी ताकद जाणवतेय!"

"चाळिसावर आहे," बायको म्हणाली. "आणि ताकद कंपनीची आहे."

सोमवारी ती गाडी घेऊन रुग्णांकडे गेली आणि काटेसाहेब बसनं तपासणीला गेले. पहिलंच दुकान किराण्याचं. म्हातारा दुकानदार एक किलोचं वजन तळहातावर पेलत म्हणाला, "साहेब, काट्यावर कशाला ठेवता? चाळीस वर्षांचा हात आहे. पूर्ण किलो लागतंय, आईशप्पथ."

"हाताचं..." साहेबांनी सुरुवात केली. मग ते स्टुलावर बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. घाबरलेल्या दुकानदारानं पाण्याचा पेला पुढे केला.

वजन काट्यावर ठेवलं, ते बारा ग्रॅमनं कमी भरलं. काटेसाहेबांनी ते नियमाप्रमाणे जप्त केलं, पावती लिहिली आणि उठताना म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"लबाड नाही म्हणत मी तुम्हाला," ते म्हणाले. "तुम्हाला पूर्ण लागत असणार. मला तर तीस घोडे लागत होते."