जहाज बेपत्ता, मास्तर हजर

“उद्या अकरा वाजता मी इतका स्पष्ट दिसेन, की तू चुकून माझ्यापुढेही चहाचा कप ठेवशील!” असे फ्यूजमास्तरांनी पत्नीला ठणकावून सांगितले, आणि तिने उत्तर देण्यापूर्वीच संपर्क तुटला.

समुद्रतळाचे संशोधन करणाऱ्या त्या जहाजावर ते विजेची सर्व व्यवस्था पाहत असत. म्हणून हे नाव. जहाजाच्या माथ्यावरील पांढऱ्या घुमटात उपग्रहाकडे तोंड करून एक तबकडी बसविलेली होती, आणि तिच्यातून जे काही इंटरनेट झिरपे त्यावर अडतीस माणसे तुटून पडत. आठ दिवसांच्या बाळाला अडतीस मावश्यांनी एकदम खेळवावे, तशी त्या बिचाऱ्याची अवस्था होई!

परंतु उद्याचा प्रसंग सामान्य नव्हता. मास्तरांच्या मुलीने पसंत केलेल्या मुलाचे आईवडील घरी येणार होते. मास्तर समुद्रावर असल्यामुळे ही भेट दोनदा पुढे ढकलली गेली होती. मुलगी म्हणाली होती, “बाबा, त्याच्या वडिलांना वाटतंय, तुम्हालाच हे लग्न नकोय. या वेळी तरी दिसा. नाहीतर आता तेच नाही म्हणतील.”

मास्तरांनी कंबर कसली. ज्याच्या त्याच्या दाराशी जाऊन त्यांनी अर्ध्या तासाचे इंटरनेट दान मागितले.

“पोरीचं आहे ना? घे!” आचारी म्हणाला. “पण काय ठरलं ते पहिलं मला सांगायचं.”

मुख्य संशोधिकाबाई तर हसूनच म्हणाल्या, “माझा गाळ लाखो वर्षं थांबलाय, मास्तर. अजून अर्धा तास थांबेल.”

माणसे संपली, तथापि मास्तरांचे समाधान झाले नाही. चोख मनुष्य! जहाज दर पाच मिनिटांनी आपला ठावठिकाणा किनाऱ्यावरील ऑफिसला आपोआप कळवीत असे. जहाज जिथून हाकतात त्या ब्रिजवरचा कॅप्टनचा फोनही त्याच तबकडीवरून चाले. अकराला पाच मिनिटे कमी असताना, “अर्ध्या तासात काय आभाळ कोसळतंय!” असे पुटपुटत त्यांनी दोन्ही बटणे बंद केली.

आणि अहाहा! काय ते चित्र!

“बाबा! तुमच्या मिशीतला पांढरा केससुद्धा दिसतोय!” मुलगी आनंदाने ओरडली.

मुलाचे वडील, जे निवृत्त मुख्याध्यापक होते, ते पडद्यावर वाकले. “नमस्कार. आपण नक्की समुद्रावरच आहात?”

“होय तर! किनारा इथून चार दिवसांवर आहे.”

“माझा भाऊ शेजारच्या गल्लीतून बोलतो, तरी त्याचं तोंड चौकोनी दिसतं. तुमचं एवढं गोल कसं? जरा समुद्र दाखवा बघू!”

“या खोलीला खिडकी नाही हो. आणि बाहेर गेलो की वाय-फाय पोचत नाही.”

“असं होय!” गृहपाठ न केलेल्या मुलाची पोटदुखी ऐकावी, तशा मुद्रेने मुख्याध्यापक उद्गारले.

इतक्यात घरचा फोन वाजला. पत्नीने तो उचलला आणि तिचा चेहरा उतरला.

“अहो, तुमचं ऑफिस आहे. म्हणताहेत, जहाजाचा पत्ताच लागत नाहीये! धीर धरा म्हणताहेत!”

“अगं, मी हा काय तुझ्यासमोर! सांग त्यांना!”

ती फोनमध्ये म्हणाली, “ते माझ्यासमोरच आहेत. बोलताहेत. चांगले हसताहेत.” मग तिने फोन कानापासून दूर धरला.

“काय म्हणाले?”

“म्हणाले, ताई, अशा वेळी होतात असे भास. जवळ कुणाला तरी बसवून घ्या.”

“जहाज हरवलं आणि हे सापडले!” मुख्याध्यापकांनी बोट उगारले. “म्हणजे हे जहाजावर नाहीतच!”

“अहो, गप्प बसा ना जरा!” मुलाची आई कळवळली. मुलीचे डोळे भरून आले.

त्याच क्षणी मास्तरांच्या मागील दार धाडकन उघडले, आणि अर्ध्या गालाला साबण लावलेले कॅप्टन आत घुसले.

“मास्तर! बाजूने चाललेलं मालवाहू जहाज मला रेडिओवरून विचारतंय, तुम्ही बुडालात का! मी इथे दाढी करतोय! ऑफिसनं सगळ्यांना आपल्याला शोधायला लावलंय, आता विमान सोडताहेत! माझा फोन कुणी बंद केला?”

“हे कोण?” मुख्याध्यापकांनी विचारले.

“मी या जहाजाचा कॅप्टन!”

“पण जहाज तर हरवलंय ना?”

बटण दाबावे तर जहाज सापडेल आणि मास्तर हरवतील. न दाबावे तर मास्तर दिसत राहतील आणि जहाज बुडालेलेच राहील! मास्तरांनी मुलीकडे पाहिले.

“बाळा,” ते म्हणाले, “आईला आला तसा फोन अडतीस घरी गेला असेल गं.”

आणि त्यांनी दोन्ही बटणे दाबली. जहाजाची तुंबलेली माहिती धो धो वाहू लागली, मास्तरांपुढील पडदा काळा झाला.

दिवसभरात “काय ठरलं?” असे आचाऱ्याने चार वेळा विचारले आणि चारही वेळा मास्तरांनी त्याच्याकडे पाठ फिरविली. अखेर संध्याकाळी पत्नीचा निरोप येऊन पोचला.

“लग्न ठरलं! ऑफिसनंही फोन करून तुम्ही सापडल्याचं कळवलं. इकडे तुमचं चित्र अडकलं ते मान किंचित कलती, डोळे मुलाच्या वडिलांकडे, तोंड बंद. त्यांना वाटलं, आता तुम्ही नीट ऐकताय. शाळेच्या गळक्या छपराची सगळी हकीकत त्यांनी तुम्हाला चाळीस मिनिटं सांगितली. मी मध्ये पडले नाही. जाताना म्हणाले, एवढं शांतपणे ऐकून घेणारा माणूस जन्मात भेटला नव्हता! आता काळजी एकच आहे. लग्नाला तुम्ही प्रत्यक्ष येणार.”