इतिहासकाराला घडवणारी अकरा पुस्तकं

"तुमच्यावर सगळ्यात जास्त प्रभाव कोणत्या पुस्तकाचा?" मुलाखतकार बाईंनी विचारलं आणि हेरगिरीचा इतिहासकार टुणकन उठून पुस्तकांच्या कपाटाकडे धावला.

बाईंना वाटलं, केवढा हा वाचनावरचा जीव. खरं दुखणं निराळंच होतं. नव्या पुस्तकाचा आराखडा त्याने आठ महिन्यांपूर्वी वहीत, एका पुस्तकाच्या आधाराने, नुसत्या आकड्यांत लिहून ठेवला होता. पान, ओळ, अक्षर. पान, ओळ, अक्षर. विषय कोणी पळवू नये म्हणून. हे आकडे कोणत्या पुस्तकावरून लावायचे, ते मात्र तो साफ विसरला होता. मधल्या काळात स्वतःच्याच आधीच्या ग्रंथाची नऊशे पानं तपासता तपासता नवा विषयही डोक्यातून पुसला गेला. आणि प्रकाशकाने कालच बजावलं होतं, "मुलाखतीत विषय जाहीर करा, नाहीतर यंदा तुमच्या जागी दुसऱ्या कोणाचं तरी छापतो."

"या चरित्राने मला घडवलं," म्हणत त्याने बारावं पान काढलं, हळूच वहीत डोकावला. अक्षरं निघाली ळ, ठ, ण. "तसं फारसं नाही घडवलं."

बाईंनी लिहिलेलं खोडलं.

"हे प्रवासवर्णन मात्र..." पाच मिनिटं तो वहीतल्या आकड्यांवर बोट फिरवत राहिला. "छे, हेही नाही."

तासाभरात अकरा पुस्तकांनी त्याला घडवलं आणि त्याच अकरांनी वाऱ्यावर सोडलं. बाईंच्या वहीत नुसती खाडाखोड.

"सर, तुम्ही वाचता तरी ना?" बाईंनी शेवटी विचारलंच.

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. जमिनीवरच्या ढिगात तिला पाऊल टाकायला जागा मिळेना. "हे आता कोण आवरणार? अहो, ती आकड्यांची वही लावायचीय ना? मग मला विचारायचं."

"तुला काय कळणार त्यातलं?"

"वॉशिंग मशीनच्या माहितीपुस्तिकेवरून लावायची ती. या घरात तिला कोणी हात लावत नाही असं वाटलं तुम्हाला. मशीन काय आपोआप चालतं?"

बारावं पुस्तक त्याच्या हातातच राहिलं. "तू वही वाचलीस?"

"कधीचीच. कपडे धुवून व्हायला चाळीस मिनिटं लागतात, तोवर काय करू?"

"मग विषय काय आहे?" इतिहासकार आणि बाई एकदमच म्हणाले.

"हेरांच्या बायका," ती शांतपणे म्हणाली. "नवरा काय करतो, याचा आयुष्यभर सुगावा न लागलेल्या."

चहावर साय धरली.

"हे छापू?" बाईंनी हळूच विचारलं.

"छापा," तो थकून म्हणाला. "सुगाव्याचं तेवढं गाळा."

बाईंनी कोरं पान काढलं आणि खुर्ची वळवली. "ताई, तुमच्या वाचनाची सुरुवात कधी झाली?"

"लग्नानंतर," बायको म्हणाली आणि ढीग पायाने बाजूला सारून बसली.