लाव्हा, सात टेबले आणि काहाले आंटींचे घर

जमीन ही स्थावर मालमत्ता आहे, असे कायदा मानतो. पृथ्वीला हे कुणी लेखी कळवलेले नसल्यामुळे ती अधूनमधून हलते, फाटते, वितळते आणि उतारावरून खाली येते. यात तिचा दोष नाही. नियम माहीत नसलेल्याकडून नियमभंग होतोच.

हवाई बेटांपैकी ज्या बेटावर ग्लेन हिगाशी घरबांधणी परवाना कार्यालयात नोकरीला होता, तिथे पृथ्वीचे हे वर्तन विशेष सैल होते. ग्लेन चोपन्न वर्षांचा, सडपातळ, शर्टाच्या खिशात तीन पेने बाळगणारा माणूस. बावीस वर्षांच्या सेवेत त्याने एकदाही अर्धी रजा घेतली नव्हती. नियमांचे पुस्तक तो आवडीने वाचत असे (पत्नीच्या मते हसतसुद्धा असे). असा कर्मचारी कोणत्याही कार्यालयाला भूषणच. अडचण एवढीच, की त्याला अर्जामागचा माणूस दिसायचा. हा दोष सेवापुस्तिकेत नोंदवलेला नव्हता.

त्या वर्षी हालेकुआ वस्तीच्या वर डोंगराला एक भेग पडली आणि लाव्हा निघाला. वेग दिवसाला सरासरी चाळीस मीटर. म्हणजे कुणी पळत सुटावे असा नाही. माणसाला सामान बांधायला, शेजाऱ्याशी जुने भांडण मिटवायला आणि कंटाळा आला तर नवे काढायला भरपूर वेळ मिळावा, असा सभ्य लाव्हा होता तो. वस्तीतले पहिले घर त्याच्यापासून एकवीसशे साठ मीटरवर होते. ते कुउलेई काहाले आंटींचे. ('काहाले' म्हणजे त्यांच्या भाषेत 'घर'. कार्यालयाने याचा निर्णयावर परिणाम होऊ दिला नाही.)

आंटी एकाहत्तर वर्षांच्या. सारी नोकरी शाळेच्या स्वयंपाकघरात गेलेली, त्यामुळे आवाज दोनशे मुलांना पुरेल असा. घर लाकडी, दोन खोल्यांचे, खांबांवर उभे. त्यांचा पुतण्या केओनी अवजड ट्रेलर चालवायचा. त्याचे म्हणणे सरळ होते. घर जॅकवर उचलू, ट्रेलरवर ठेवू, वर डोंगरापलीकडे धाकट्या आत्याच्या जागेत नेऊन टेकवू. एका दिवसाचे काम.

"परवाना मिळाल्यावर," आंटी म्हणाल्या.

"आंटी, खाली आग येतेय आणि तुम्ही रांगेत उभ्या राहणार?"

"हो, राहणार. आधीचं घर लाव्हात गेलं तेव्हा मदत मागायला गेले, तर तिथला माणूस कागद चाळून म्हणाला, कुठलं घर? नोंदच नाही! तुझ्या काकाने हातांनी बांधलेलं घर होतं ते. जळलं ते जळलं, वर कधी नव्हतंच म्हणे. या वेळी मला कागद पाहिजे."

यात कार्यालयाची चूक काढता येणार नाही. ज्या घराची नोंद नाही ते जळू शकत नाही, हे तर्काला धरूनच आहे.

अर्ज ग्लेनकडे आला. जोडपत्रे अशी: घराचा नकाशा, नव्या जागेच्या मालकिणीचे ना-हरकत, वाळवी नसल्याचा दाखला, वीज तोडल्याचा दाखला, आणि वीज तोडण्यापूर्वी ती अधिकृत होती याचा दाखला. आंटींनी सगळे दिले. फक्त 'स्थलांतराचे कारण' या रकान्यात विवाह, विक्री, दुरुस्ती असे पर्याय होते. ते खोडून त्यांनी ठळक अक्षरांत लिहिले होते, 'पेले आजी येत आहेत.'

ज्वालामुखीची देवी पेले कोण, हे ग्लेनला पाळण्यापासून ठाऊक होते. पण तिसऱ्या टेबलावरचा गृहस्थ नुकताच मुख्य भूमीवरून बदलून आलेला. त्याने शेरा मारला: 'सदर आजींचे अर्जदाराशी नाते स्पष्ट करावे. त्या कायम वास्तव्यास येत असल्यास खोल्यांची संख्या पुरेशी आहे काय?' फाइल परत गेली. आंटींनी खाली लिहून पाठवले, 'नाते जुने आहे. खोल्या पुरणार नाहीत.'

तिसऱ्या टेबलाचे समाधान झाले. फाइल चौथ्यावर गेली.

एकंदर टेबले सात. दोन टेबलांमधले अंतर सरासरी अकरा फूट. ग्लेनने एके दिवशी डबा खाता खाता हिशेब केला. एक्केचाळीस दिवसांत फाइल चव्वेचाळीस फूट सरकली होती आणि लाव्हा सोळाशे चाळीस मीटर. लाव्हा सुट्टीच्या दिवशीही काम करतो, हे लक्षात घेतले तरी फरक डोळ्यांत भरण्यासारखा होता. त्याने भीत भीत हे विभागप्रमुख अर्लीन कोस्टा यांच्या कानावर घातले.

"मॅडम, एवढी एक फाइल जरा लवकर पुढे सरकवता येईल का?"

"ग्लेन," कोस्टाबाई अतिशय मायेने म्हणाल्या, "घाई केली की चुका होतात. लाव्हा बघ, घाई करतो, मग लोक नावं ठेवतात. आपल्याला कोणी नावं ठेवतं का?"

ठेवत होते, पण लेखी नाही.

बावन्नाव्या दिवशी फाइल सहाव्या टेबलावर पोचली आणि तिला शेवटची अट जोडली गेली: जागेवर जाऊन पाहणी. त्याच सकाळी लाव्हा वस्तीला भिडला म्हणून आपत्ती विभागाने वस्ती बंद जाहीर केली. बंद भागात पाहणीस मनाई. पाहणीशिवाय परवान्यास मनाई. म्हणजे लाव्हा लांब होता तेव्हा परवान्याची निकड नव्हती, आणि निकड झाली तेव्हा परवाना नव्हता. दोन्ही नियम आपापल्या जागी निर्दोष होते. पेचात सापडले होते ते फक्त मधले घर.

ग्लेनने त्या दिवशी आयुष्यातली पहिली अर्धी रजा टाकली. कारण लिहिले: 'वैयक्तिक.' मग बंदीची दोरी ओलांडून हालेकुआत शिरला.

आंटींच्या घरामागे ऐंशीएक मीटरवर झाडांमधून काळी भिंत सरकत होती. फटींतून लाल दिसायचे आणि एकसारखा कपबशा फुटल्यासारखा आवाज यायचा. आंटी खिडकीच्या काचा पुसत होत्या.

"आंटी, आत्ता काचा पुसताय?"

"मग? पाहुणी दारात आल्यावर घर पारोसं ठेवायचं? चपला बाहेर काढ. आत्ताच पुसलीय फरशी."

ग्लेनने मुकाट्याने चपला काढल्या. ओसरीवर केओनी जॅकला टेकून बसला होता. त्याने नमस्कार-चमत्कार न करता विचारले, "आणला कागद?"

"नाही."

"वाटलंच. तुमचं अख्खं कार्यालय उचलून पेले आजीच्या वाटेत ठेवायला पाहिजे. तीच अडकून पडेल दोन वर्षं!"

"गप रे," आंटी म्हणाल्या. "दमून आलाय तो. बस बाळा, जेवून घे."

कागदी थाळीत भाताचे दोन गोळे, मॅकरोनीचे सॅलड आणि भाजलेली कोंबडी. ग्लेन खायला बसला. त्याला लाज वाटत होती आणि भूकही लागली होती. भूक वरचढ ठरली. समोरच्या भिंतीवर आंटींच्या नवऱ्याचा फोटो होता आणि त्याच्याखाली खिळ्याला बांधाबांधीची यादी. यादीतले सगळे खोडलेले होते, शेवटची 'घर' ही ओळ सोडून.

"आंटी," तो कसाबसा म्हणाला, "परवाना नाही मिळणार. मी स्वतःच सांगायला आलो. उचला आणि न्या तसंच."

आंटींच्या हातातले फडके थांबले. "म्हणजे पुन्हा नोंद नाही."

"नाही."

"मग मी नाही नेत. चोरासारखं स्वतःचं घर पळवायचं, आणि वर पोचल्यावर कुणीतरी येऊन म्हणायचं, हे बेकायदा, पाडा! त्यापेक्षा आजीला देते. ती निदान विचारत नाही, कुठलं घर."

मागे एक नारळ पेटून खाली आला. ग्लेनने थाळीकडे पाहिले, खिडकीकडे पाहिले, मग दारातल्या ट्रेलरच्या सोळा चाकांकडे पाहिले. बावीस वर्षे आवडीने वाचलेले पुस्तक त्याच्या डोक्यात आपोआप उघडले.

"आंटी, ही एक थाळी कितीला द्याल?"

"वेडा आहेस का? तुझ्याकडून पैसे घेऊ?"

"घ्या," ग्लेन म्हणाला. "आणि मला पावती द्या."

कार्यालयात ग्लेनच्या शेजारच्याच खिडकीवर फिरत्या जेवणगाड्यांचे परवाने मिळत. अर्जात पाच प्रश्न होते. चाके आहेत काय? हात धुण्यास नळ आहे काय? जेवण देण्यास खिडकी आहे काय? पदार्थ कोणते? मालकाचे नाव काय? गाडीची लांबी-रुंदी विचारलेली नव्हती, कारण जेवणगाडीला दोन खोल्या आणि ओसरी असू शकेल अशी शंका आजवर कोणत्याही समितीला आलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आंटी खिडकीवर उभ्या राहिल्या. आठ वाजून वीस मिनिटांनी त्यांच्या हातात शिक्क्याचा कागद होता. तो त्यांनी दोनदा वाचला, घडी घालून पोलक्यात ठेवला आणि खिडकीवरच्या मुलीचा हात बराच वेळ सोडला नाही.

दुपारपर्यंत घर ट्रेलरवर चढले होते. जोत्याला सिमेंटने जोडलेल्या पाच पायऱ्या तेवढ्या मागे राहिल्या. परवान्यात एक अट होती: 'गाडी रस्त्यावर असताना ग्राहकास सेवा नाकारू नये.' आंटींनी आयुष्यात अट मोडलेली नव्हती. त्यामुळे ताशी बारा किलोमीटर वेगाने घर डोंगर चढत होते, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्या थाळ्या देत होत्या. रस्त्याच्या कडेला लोक रांगा लावून उभे. चौसष्ट थाळ्या गेल्या. एका वळणावर पोलिसाने हात दाखवला.

"हे घर आहे."

"जेवणगाडी," केओनीने कागद दाखवला.

"पडदे आहेत."

"ऊन लागतं."

"आत पलंग दिसतोय."

"खाऊन सुस्ती येते लोकांना."

पोलिसाने कागद उलटसुलट पाहिला. शिक्का खरा होता. त्याने दोन थाळ्या घेतल्या आणि मोटरसायकलीवरून पुढे राहून रस्ता मोकळा करून दिला.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास लाव्हा आंटींच्या जागेत शिरला. त्या दोरीपाशी उभ्या होत्या, ग्लेन शेजारी. निघण्यापूर्वी त्यांनी सगळ्यात वरच्या पायरीवर पानात बांधून भात आणि मासळी ठेवली होती. लाव्हाने पायऱ्या एकेक करत घेतल्या, वयस्क माणूस चढतो तशा. पाचवी गेली तेव्हा आंटींनी मान लववली आणि काहीतरी पुटपुटल्या. मग बाहीने नाक पुसून म्हणाल्या, "चल. भात कमी पडला होता काल. जास्त टाकायला हवा."

इथे कथा संपायला हरकत नव्हती, पण फाइल अजून संपली नव्हती.

एकोणतीस दिवसांनी मूळ परवाना मंजूर झाला, पाहणीच्या अधीन राहून. एक निरीक्षक जुन्या जागेवर गेला आणि अहवाल दिला: 'घर आढळले नाही. अर्जदाराने परवान्यापूर्वीच ते हलवल्याचा दाट संशय.' नोटीस निघाली. नोटीस दारावर चिकटवणे बंधनकारक. दार नसल्याने ती अजून तापलेल्या कातळावर चिकटवण्यात आली. ती तत्काळ पेटली. अर्जदारास नोटीस पोचली, असे गृहीत धरण्यात आले.

एव्हाना हालेकुआतल्या लोकांना वाट सापडली होती. तीन महिन्यांत त्या भागात दोनशे बारा जेवणगाड्या नोंदल्या गेल्या. त्यांपैकी एकशे नव्वदांना ओसरी होती, चौदांना मोटारीसाठी पडवी आणि एकीला पोहण्याचा हौद. दर तीन माणसांमागे एक जेवणगाडी हे प्रमाण कुठल्याही भरभराटीच्या प्रदेशाला लाजवील असे. वार्षिक अहवालात 'आपत्तीतही लघुउद्योगांची झेप' असे स्वतंत्र प्रकरण आले आणि कोस्टाबाईंना पदक मिळाले.

ग्लेनची बदली जेवणगाड्यांच्या खिडकीवर झाली. शिक्षा म्हणून, असे काहींचे मत. तो मात्र आता शर्टाच्या खिशात एकच पेन ठेवतो. जेवणगाडीत कुणी राहत नाही ना, हे तपासणे त्याच्या कामात येते. दर शुक्रवारी दुपारी तो डोंगरापलीकडे जातो, चपला बाहेर काढतो आणि विहित प्रश्न विचारतो.

"आंटी, या गाडीत रात्री कोणी झोपतं का?"

"या वयात झोप कुठली?" आंटी खरे तेच सांगतात.

तो 'नाही' लिहितो आणि जेवायला बसतो.

हे वाचून आपल्याकडच्या सुजाण वाचकाला हसू येणे साहजिक आहे. आग ओकणाऱ्या डोंगराखाली घरे बांधणारे लोक, त्यांचे ते परवाने! आपल्या पायाखाली कसा पक्का काळा कातळ. तो कातळ म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर चढत आलेला लाव्हाच आहे, आणि त्यानेही कुणाची परवानगी घेतल्याचे दप्तरात आढळत नाही. पण त्याचे ठीक आहे, तो निदान थंड होऊन कायम झाला. त्याच्यावर उभ्या असलेल्या आपल्या इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र आले आहे का, एवढे कपाट उघडून बघा. अकरा वर्षांपूर्वी बिल्डर म्हणाला होता, फाइल सहाव्या टेबलावर आहे.