इद्रुसच्या घरची श्रीमंती

"चटई तरी राहू द्या. गरिबातला गरीबही पाहुण्याला उघड्या फळ्यांवर बसवत नाही," मैमून चुलीपाशी पुटपुटली. लाकडी घर केवढंसं, तिच्या नवऱ्याला, इद्रुसला, ऐकू आलंच.

"हळू बोल. आणि ती चटई गुंडाळ."

सरकारी कारकुनांचे पगार तपासायला राजधानीहून कमिटी आली होती. पगार जास्त तर होत नाहीत ना, एवढंच तिला बघायचं होतं. कमी पडतात, हे कचेरीत कुणी तोंडातून काढत नव्हतं. "शेजारच्या जिल्ह्यात एकाच्या भिंतीवर घड्याळ दिसलं," हेडक्लार्क पोन्नंबलम कुजबुजले होते, "सगळ्यांचेच पगार कापले." तेव्हापासून कारकून इद्रुसला भात गिळवत नव्हता. आणि घर बघायला कमिटीच्या हॅरॉप साहेबांनी नेमकं त्याचंच निवडलं!

त्याने आरसा, खुर्च्या, पितळी तबकं, सगळं शेजारच्या रोकियाकाकूंकडे नेऊन टाकलं. घर भुताने झपाटल्यासारखं ओकंबोकं झालं. मग तो साहेबांना आणायला गेला.

भीतीच्या भरात तो एक गोष्ट विसरला. एका घरचा पाहुणा म्हणजे साऱ्या कांपुंगचा, साऱ्या वस्तीचा पाहुणा. तो उघड्या फळ्यांवर बसला तर नाक अख्ख्या गावाचं कापलं जातं.

परत आला तर जिन्याशी पाय धुवायला चांदीची झारी. आत इमामांचा गालिचा, त्यावर मुखियाच्या लेकीच्या लग्नातल्या जरीच्या उशा. रबरवाल्या व्यापाऱ्याचा ग्रामोफोन गात होता. कोंबडीच्या रश्श्याचा वास थेट नदीपर्यंत गेला होता.

"घाबरू नकोस रे," रोकियाकाकू त्याच्या कानाशी लागल्या, "अब्रू राखली तुझी. तुझी तबकंसुद्धा चिंच लावून घासून आणलीत."

साहेब उशीवर टेकले. शेजारी पोन्नंबलम दुभाष्या म्हणून, घामाने निथळत.

"साहेब विचारतात, हे सगळं तुझं?"

नाही म्हणावं तर दारात उभा सारा गाव दुखावणार. हो म्हणावं तर पगार गेला.

"हो... म्हणजे गावाचं... म्हणजे माझंच म्हणा."

"साहेब म्हणतात, मग पगारात चांगलं भागतं की!"

ग्रामोफोन थांबला. मुखिया छताकडे बघू लागले. इद्रुसच्या तोंडून सवयीने निघालं, "साहेबांची कृपा."

मैमूनने भाताचं पातेलं दाणकन खाली ठेवलं.

"कसली कृपा? गालिचा इमामांचा, उशा मुखियांच्या, कोंबडी काकूंची. माझा फक्त हा भात. सांगा त्यांना!"

इद्रुसने डोळे मिटले.

"काय म्हणते ती?" साहेबांनी विचारलं.

पोन्नंबलमनी रुमालाने कपाळ पुसलं, मग मान, मग पुन्हा कपाळ. मैमूनची नजर त्यांच्यावरून हलेना.

"साहेब," ते म्हणाले, "ती म्हणते, पगार पुरत नाही." त्यांनी रुमाल खिशात कोंबला. "आणि तिचं सोडा, साहेब. मलाही पुरत नाही."