अण्णा चिटणीस आणि पुसलेला मजकूर

आमच्या शेजारचे अण्णा चिटणीस बेल वाजवत नाहीत, अर्ज टाकतात. दाराखालून एक कागद सरकत आत येतो. डावीकडे समास सोडलेला, वर तारीख, आणि दोन काटेकोर घड्या. पहिला अर्ज आला तेव्हा त्यावर लिहिलं होतं, 'विषय : आपल्या कुकरच्या चौथ्या शिट्टीबाबत.' वरणाला तीन शिट्ट्या पुरतात, चौथीने आमची दुपारची झोप मोडते, तरी उचित कार्यवाही व्हावी, असा एकूण मजकूर. माझी बायको सुधा आधी चिडली, मग हसली आणि दुसऱ्या दिवशी तिने खरोखरच तिसऱ्या शिट्टीला गॅस बंद करून पाहिला. वरण शिजलं होतं. अण्णांचं हे असंच असतं. माणूस तऱ्हेवाईक, पण म्हणणं खोडून काढता येत नाही.

अण्णा सिंचन विभागातून बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर माळव्यात आले ते लेखणी घेऊन, तलवार घेऊन नव्हे, हे ते अभिमानाने सांगतात. माझे वडील शाळामास्तर म्हणून उज्जैनला आले त्याला साठ वर्षं होऊन गेली, मीही इथेच इंग्रजी शिकवून म्हातारा झालो, तरी अण्णांच्या लेखी आम्ही परवा आलेले. "तुम्ही नवे लोक, मास्तर," ते म्हणतात, "तुमच्याकडे जुना रेकॉर्डच नाही."

त्यांचा लाडका शब्द 'संलग्न'. कुणी काहीही सांगितलं की ते चष्म्यावरून बघत विचारतात, "संलग्न?" मला ताप आहे म्हटलं की संलग्न काय, म्हणजे थर्मामीटरचा आकडा कुठे. देवास गेटहून येताना बस बंद पडली म्हटलं की संलग्न काय, म्हणजे तिकीट दाखवा. सुधाच्या बहिणीने एकदा हौसेने सांगितलं की आमचा नातू फार हुशार आहे. अण्णांनी प्रगतिपुस्तक मागितलं. ती पुन्हा आमच्याकडे आली नाही.

पण आमच्या माधव नगरात ज्याचं काम सरकारी खिडकीत अडकलंय तो अण्णांकडेच येतो. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याच्या विधवेची पेन्शन अडली होती. अण्णा पाण्याचा थर्मास आणि बसायला घडीचं आसन घेऊन रोज त्या कचेरीच्या व्हरांड्यात जाऊन बसायचे. भांडले नाहीत, आवाज चढवला नाही. रोज एक नवा अर्ज द्यायचे आणि पोच घ्यायचे. शेवटी तिथल्या साहेबाने हात जोडले आणि काम झालं. त्या बाईने पेढे आणले तेव्हा अण्णांनी एकच घेतला आणि मधुमेहाचं कारण सांगितलं. त्यांना मधुमेह नाही.

अशा माणसाच्या घरात प्रेमविवाह व्हावा, आणि तोही परदेशी माणसाशी, ही गंमतच म्हणायची.

मंजिरी ही अण्णांची एकुलती एक मुलगी. शाळेत गणित शिकवायची. अकरा वर्षांपूर्वी तिची आई गेली तेव्हा ती तिशीत होती. नंतर लग्नाचा विषय निघाला की "अण्णांकडे कोण बघेल?" म्हणून ती तो मिटवून टाकायची. एकदा ती मुलांना वेधशाळा दाखवायला घेऊन गेली होती. तिथे एक उंच, लालबुंद झालेला गोरा माणूस भर उन्हात दगडी यंत्राची सावली स्वतःच्या घड्याळाशी ताडून पाहत उभा होता. तो मार्टिन. युरोपातल्या एका देशात तोही गणिताचा मास्तर. (देशाचं नाव लिहू नका, प्रकरण गोपनीय आहे, असं अण्णांनी मला बजावलंय.) घड्याळात आणि सावलीत फरक का पडतो हे मंजिरीने त्याला समजावून सांगितलं. पुढची तीन वर्षं तो दर सुट्टीत उज्जैनला येत राहिला आणि मधल्या काळात रोज संध्याकाळी फोन करत राहिला. मग एके दिवशी त्याने अण्णांपुढे सरळ लेखी अर्ज ठेवला. विषय : आपल्या कन्येशी विवाहाची परवानगी मिळणेबाबत. सोबत पगाराचा दाखला, डॉक्टरचा दाखला आणि आईचं पत्र. अर्ज कसा लिहायचा ते मंजिरीनेच शिकवलं असणार. अण्णा खूश. त्या दिवसापासून तो 'मार्टिनराव' झाला.

कलेक्टर कचेरीत नोंदणी झाली, घरच्या अंगणात अंतरपाट धरला, मी मंगलाष्टकाचं एक कडवं म्हटलं. मार्टिनराव परत गेले, त्यांनी दोघांसाठी घर घेतलं. मंजिरीने शाळेचा राजीनामा दिला. आता राहिला होता तेवढा व्हिसा.

व्हिसाची फाइल अण्णांनी ताब्यात घेतली. घरात सात पिढ्यांचा चिटणीस असताना एजंट कशाला, हे त्यांचं म्हणणं आम्हा सगळ्यांना पटलं. फाइल त्यांनी तीन आठवडे बांधली. अनुक्रमणिका, रंगीत फिती, पानापानावर क्रमांक. यादीत एक कलम होतं, पती-पत्नींमधील नियमित संपर्काचा पुरावा. मंजिरीने दोघांमधल्या निरोपांचा दोन बोटं जाड गठ्ठा छापून आणून दिला, लग्नाचे आणि फिरायला गेल्याचे फोटो दिले. अण्णांनी सगळं लाखेने मोहरबंद केलं आणि तिला मुलाखतीसाठी दिल्लीला रवाना केलं. जाताना सांगितलं, "जितना पूछा, उतना. एक शब्द जास्त नाही." चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांना याच एका नियमाने तारलं होतं.

अर्ज नामंजूर झाला. पत्रात लिहिलं होतं की सादर केलेल्या कागदपत्रांवरून उभयतांमध्ये वैवाहिक आत्मीयता असल्याचं दिसून येत नाही. फेरविचार हवा असेल तर महिन्याभरात अर्ज करावा.

आम्ही सगळे चक्रावलो. मंजिरीने अण्णांच्या कपाटातून फाइलीची दुसरी प्रत काढली आणि माझ्यासमोर उघडली. पानापानावर पांढरे डाग होते. अण्णांनी डिक्शनरी घेऊन एकेक निरोप वाचला होता आणि जिथे जिथे जावयाने लाडाने हाक मारली होती, आठवण येते म्हटलं होतं, मुका पाठवला होता, तिथे तिथे व्हाइटनर फिरवला होता. बदामाची चित्रंसुद्धा सोडली नव्हती. मागे उरलं ते असं. जेवलीस का? हो. लाइट आली का? नाही. ठीक. एखाद्या ग्राहकाचा वीज मंडळाशी पत्रव्यवहार चालावा तसा तो मजकूर दिसत होता. फोटोंचंही तेच. हातात हात घेतलेले, खांद्यावर डोकं टेकलेले बाजूला काढून त्यांनी 'शोभणारे' तेवढे निवडले होते. त्यांत मार्टिनराव फेटा बांधून हात जोडून उभे, मंजिरी हात जोडून उभी आणि दोघांच्या मधोमध अण्णा.

खरं सांगायचं तर ती फाइल जाण्यापूर्वी मीही चाळली होती. मला काही खटकलं नव्हतं. उलट फाइल फार स्वच्छ झालीय, असं मी म्हटलं होतं. आपल्या लोकांना फाइल अशीच आवडते.

मंजिरी ओरडली नाही. एका पांढऱ्या डागावर नख घासत तिने विचारलं, "अण्णा, इथे काय लिहिलं होतं ते तुम्ही वाचलं होतं?"

"वाचलं होतं."

"मग?"

"सरकारी कागद होता, बेटा. चार परक्या लोकांच्या हाती जाणार." अण्णांचा आवाज एवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता. "तुझं ते... कुणी पण वाचलं असतं."

ती आत निघून गेली. पुढचे दोन दिवस बापलेकीत चहा आणि जेवणापलीकडे बोलणं झालं नाही. तिसऱ्या दिवशी तिने मला येऊन सांगितलं की शाळेत जागा अजून भरलेली नाही, ती परत रुजू होतेय. फेरअर्ज फेटाळला गेला तर वर्षानुवर्षं लटकायचं, मार्टिनला तिकडे झुलवत ठेवायचं, हे तिच्या जिवाला झेपणार नाही. एक्केचाळिसाव्या वर्षी हौस बरी नाही, असंही म्हणाली. ते वाक्य ऐकून मला फार वाईट वाटलं. नातेवाइकांना मात्र हायसं वाटलं. इंदूरच्या आत्याबाईंनी फोन करून अण्णांना सांगितलं की झालं ते बरंच झालं, या वयात तुमच्याकडे बघायला कोणी तरी हवंच होतं. अण्णांनी ते सगळं ऐकून घेतलं. फोन ठेवला, शर्ट बदलला आणि मंजिरीच्या दारावर टकटक करून तिचा मोबाइल मागितला.

त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर फ्रीगंजच्या फोटो स्टुडिओत गेलो. अण्णा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि स्टुडिओवाल्याला म्हणाले की जेवढे आहेत तेवढे सगळे काढा. तो बिचारा एकेक फोटो पडद्यावर उघडायचा आणि चाचरत विचारायचा, "बाबूजी, ये वाला भी?"

"हाँ भई, ये भी," अण्णा भिंतीला सांगायचे. "और बड़ा करके."

निरोपांचा गठ्ठा नव्याने छापला. त्याला अण्णांनी नुसते पानांचे क्रमांक घातले, वाचलं काही नाही. मंजिरी तोंडाने नको नको म्हणत होती, पण सही मागितली तेव्हा तिने केली. मग एका दुपारी माझ्या दाराखालून चार पानं सरकत आत आली. वर चिठ्ठी होती की इंग्रजीत भाषांतर करून द्यावं, आणि मंजिरीला दाखवू नये. तो अण्णांचा स्वतःचा जबाब होता. 'विषय : अर्जदाराच्या हसण्याबाबत.'

महोदय, असं त्यात लिहिलं होतं, मागील अर्जातील मजकूर मी पुसला. त्यात अर्जदाराचा किंवा तिच्या पतीचा दोष नाही. मला वाटलं होतं की माणसाच्या घरातलं सरकारला दाखवायचं नसतं. अर्जदाराची आई वारल्यापासून अर्जदार माझ्याशी हळू आवाजात बोलते, आजारी माणसाशी बोलतात तशी. मी आजारी नाही. तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज आला. मला वाटलं, तिची आई. मी उठून दारापर्यंत गेलो. अर्जदार फोनवर श्री. मार्टिन यांच्याशी बोलत होती. मी परत येऊन बसलो. त्यानंतर रोज त्या वेळेला मी रेडिओ बंद ठेवतो. याचा कागद माझ्यापाशी नाही. माझ्या वयाचा आणि एकटेपणाचा विचार करून अर्जदार आता जाणार नाही म्हणते. तो विचार तिने करू नये, आपणही करू नये. तिचं हसू जिथलं आहे तिथे तिला जाऊ द्यावं, ही नम्र विनंती.

चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण त्या चार पानांनी माझी परीक्षा पाहिली. काही वाक्यं मी जरा सजवली तर अण्णांनी ती परत सरकवली. "जसं आहे तसं, मास्तर. साहेबाला साहेबी नको, हकीकत पाहिजे."

फेरअर्ज गेला. अडीच महिन्यांनी पासपोर्ट परत आला, आत व्हिसा होता. मंजिरीने तो अण्णांच्या हातात दिला. त्यांनी तारखा तपासल्या, जन्मवर्ष तपासलं, शिक्का उजेडात धरून पाहिला आणि "सही है" म्हणून तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात बराच वेळ तिथेच होता. इंदूरच्या विमानतळावर सुधा रडली, मंजिरी रडली, मीही रडलो. अण्णा आत जाणाऱ्या रांगेची शिस्त बघत उभे होते.

ती गेल्याच्या चौथ्या दिवशी दिवेलागणीला मी त्यांच्याकडे डोकावलो. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून, मोबाइल भिंतीला टेकवून, समोर ताठ बसले होते. फोन आला. पडद्यावर मंजिरी दिसली, मागून मार्टिनरावांनी नमस्कार केला. तिने पहिलंच विचारलं, "अण्णा, जेवलात?"

"हो तर. दोन पोळ्या, भेंडीची भाजी, वरण-भात," अण्णा म्हणाले.

मी बसलो होतो तिथून स्वयंपाकघर दिसत होतं. ओटा कोरडा होता. त्यावर शेवेचं एक फुटलेलं पाकीट आणि चहाचा कप होता.

"काका आहेत ना तिथे?" मंजिरी म्हणाली. "काका, खरंच जेवले का हे?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. पुराव्याशिवाय शब्द न बोलणारा हा माणूस, आणि त्याच्या डोळ्यांत सरळसरळ विनवणी होती. मी पडद्यासमोर वाकलो आणि म्हणालो, "माझ्यासमोर जेवले. भेंडी मलाही वाढली. मीठ जरा जास्त होतं."

मंजिरी हसली. चांगली मोकळी, मोठ्याने हसली. अण्णांनी मान खाली घातली, डोळे मिटले आणि ते हसू संपेपर्यंत ऐकलं.

फोन बंद झाल्यावर त्यांनी मोबाइल खिशात ठेवला. मग म्हणाले, "एवढ्या लांबून आवाज साफ येतो मास्तर, नाही?"

"एकदम साफ," मी म्हणालो. "चला आता, सुधाने पानं घेतलीयत. तुमची वाट बघतेय."

सुधाला यातलं काहीही माहीत नव्हतं. मी अण्णांना चपला घालायला लावल्या आणि हात धरून आमच्या घरी घेऊन आलो.