ओढणारी जनावरे : दोन

जव्हार संस्थानात पहिली मोटार आली ती बैलांनी ओढत आणली, यात मोटारीचा काही दोष नव्हता. तिने स्वतःच्या चाकांनी यावे असेच ठरलेले होते. खालच्या रेल्वे स्टेशनापासून घाट चढून ती वर आलीही; पण गाव दोन कोसांवर राहिले असता एकदा खोकली आणि जागच्या जागी थांबली. ती चालवण्यासाठी मुंबईहून आलेल्या गृहस्थांनी तिचे पुढचे झाकण उघडले, आत पाहिले, झाकण लावले, "मोठी नादुरुस्ती आहे" असे जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी मुंबईचा रस्ता धरला.

मोटार थांबली तेव्हा नवसू रस्त्याकडेच्या आपल्या खाचरात राब भाजत होता. भाताचे रोप जिथे टाकायचे त्या जागेवर पालापाचोळा पसरून जाळण्याचे ते काम, आणि पावसाला दीड महिना उरलेला. त्याचे ढवळ्या आणि बांड्या हे दोन बैल बांधाला चरत होते. सरकारी रस्त्यावरून दिसतील असे बैल ठेवू नयेत हे पाड्यावरच्या लहान पोरालाही कळते. नवसूलाही कळत होते, पण त्या दिवशी धुरात शिपाई येताना दिसला नाही. शिपाई आला आणि वेठीला बैल हवेत म्हणाला. नवसूने बैल मोटारीला जुंपले आणि संध्याकाळच्या आत ती बग्गीखान्याच्या आवारातल्या चिंचेखाली नेऊन उभी केली.

तिथे देवजीराव नोंदवही घेऊन बसले होते. देवजीराव बग्गीखान्याचे कारकून. माणूस सरळ, अक्षर मोत्यासारखे, आणि तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकही रकाना रिकामा सोडलेला नव्हता. मोटारीसाठी वेगळी वही अजून आली नव्हती, म्हणून त्यांनी बग्ग्यांचीच वही उघडली. चाके : चार. दिवे : दोन. रंग : तांबडा, धुळीमुळे खात्री नाही. त्यापुढचा रकाना होता 'ओढणारी जनावरे'. देवजीरावांनी चष्म्यावरून समोर पाहिले. जनावरे उभीच होती. त्यांनी लिहिले : दोन. एक पांढरे, एक बांडे.

"साहेब, बैल सोडू का?" नवसूने विचारले.

"कुठले बैल?"

"ह्येच. माजं बैल."

"हे आता मोटारीचे," देवजीराव म्हणाले. "नोंद झाली."

"मोटारीला बैल नसतात, साहेब. ती आपली आपण चालते, शिपाई सांगत व्हता."

"मग इथवर आली कशी?"

नवसू रात्री एकटाच पाड्यावर परतला आणि बायकोला, चैतीला म्हणाला की बैल उद्या मिळतील.

उद्या त्याला अर्ज करायला सांगितले गेले. अर्जाचे उत्तर तीन आठवड्यांत आले, म्हणजे त्या काळाच्या मानाने धावतच आले. त्यात लिहिले होते की नादुरुस्त वाहनाचा कोणताही भाग वाहनापासून वेगळा करता येत नाही. वाहन दुरुस्त झाल्याचा दाखला मिळताच जास्तीचे भाग मूळ मालकाला परत करण्याबाबत सहानुभूतीने विचार होईल. नवसूला ते वाचून दाखवताना देवजीरावांनी 'सहानुभूतीने' हा शब्द दोनदा वाचला, कारण तो त्यांनी स्वतः सुचवला होता.

"मंग करा दुरुस्त," नवसू म्हणाला.

"कुठे करणार? दुरुस्तीशाळा आहे का आपल्याकडे?"

हा मुद्दा मात्र बिनतोड होता. मोटार दुरुस्त करायची तर दुरुस्तीशाळा हवी, दुरुस्तीशाळा हवी तर आधी नियोजन हवे, आणि नियोजन हवे तर मंडळ हवे. तेव्हा 'यंत्रवाहन दुरुस्तीशाळा नियोजन मंडळ' स्थापन झाले. सात सभासद. त्यांपैकी दोघे मोटारीत बसलेले होते, एकाने ती लांबून पाहिली होती, आणि उरलेल्या चौघांची मते त्यामुळे पूर्वग्रहापासून मुक्त होती.

पहिल्याच बैठकीत अध्यक्षांनी दूरदृष्टी दाखवली. आज एक मोटार आहे म्हणून एकाच मोटारीपुरती शाळा बांधणे कोतेपणाचे होईल, असे ते म्हणाले. पुढेमागे वीस मोटारी येतील, तेव्हा शाळा वीस मोटारींची हवी. बांधकाम पाहणाऱ्या ओव्हरसीरांनी नोंदवही मागवून मोटारीचे वर्णन उतरवून घेतले आणि त्याबरहुकूम नकाशा काढला. एका मोटारीला दोन बैल, म्हणजे वीस मोटारींना चाळीस. सबब शाळेच्या उत्तर बाजूला चाळीस बैलांची गव्हाण धरण्यात आली. मोटारीखाली शिरून काम करायला मिस्त्र्याला खड्डा लागतो असे कुणीसे ऐकले होते, म्हणून वीस खड्डे धरले. रस्ता धरला नाही, कारण रस्ता दुसऱ्या खात्याकडे होता.

जागेचा प्रश्न तर आपोआपच सुटला. नादुरुस्त वाहन हलवता येत नसल्यामुळे शाळा मोटारीभोवतीच बांधायची ठरली. चिंच तोडण्यात आली, आणि मोटार व बैल दोघेही भर उन्हात आले.

मोखाड्याकडच्या रानातून सागाचे सोट येऊ लागले. त्यासाठी आणखी वीसेक पाड्यांवरचे बैल वेठीला धरले. नवसू म्हणाला, इतकी लाकडे ओढायचीच आहेत तर माझेही बैल जुंपा, निदान त्यांचे अंग तरी मोकळे राहील. ओव्हरसीर त्याच्यावर डाफरले. नादुरुस्त मोटारीकडून काम करून घेतो का कुणी?

बैल तसेच उभे राहिले. मोटारीच्या भागांना चारा देण्याची तरतूद कुठेच नव्हती, म्हणून नवसू रोज दोन कोसांवरून डोक्यावर गवताचा भारा घेऊन येई. वंगणाची तरतूद मात्र होती. 'सर्व हलत्या भागांना दर सोमवारी वंगण द्यावे' असा मोटारीसोबत आलेल्या पुस्तकातला नियम देवजीरावांनी भाषांतर करून घेतला होता. सोमवारी शिपाई वंगणाचा डबा घेऊन ढवळ्या-बांड्याच्या गुडघ्यांना, जबड्यांना आणि शेपटीच्या मुळाला चोपडत असे. बैलांच्या माना हलतात हे लक्षात आल्यावर मानेलाही सुरू झाले.

पाऊस आला. वीसही खड्डे पाण्याने भरले आणि त्यांत बेडूक ओरडू लागले. बाकीच्यांच्या खाचरात चिखलणी झाली, आवणी म्हणजे रोपांची लावणी झाली, हिरवेगार रान डोलू लागले. नवसूच्या खाचरात रोप भाजलेल्या राबावर उभ्या उभ्या पिवळे पडले. बैलांशिवाय भाताचा चिखल होत नाही. दोघा नवरा-बायकोंनी कुदळीने वरकसावर, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीवर, जमेल तेवढी नागली लावली. ती दिवाळीपर्यंत पुरली. त्यापुढे चैती रानात कडू कंद खणायला जाऊ लागली. ते रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवावे लागतात, नाहीतर घसा सोलून निघतो. नवसू मात्र बैलांचा भारा एक दिवसही चुकवत नव्हता. स्वतःच्या पोटाला नसताना मोटारीला पोसणारा संस्थानात तो एकटाच असावा.

दुसऱ्या वर्षी वैशाखात शाळेवर कौले चढली. अशी इमारत त्या मुलखात कुणी पाहिलेली नव्हती. आत एक मोटार, वीस खड्डे आणि एका कोपऱ्यात दोन बैल. लगेच घाटाखालून एक जाणता मिस्त्री बोलावण्यात आला. मंडळाचे सातही सभासद अर्धवर्तुळात उभे राहिले. नवसू दाराशी दावी सोडायच्या तयारीने उभा होता.

मिस्त्र्याने झाकण उघडले, एक काडी आत घालून बाहेर काढली आणि तिच्याकडे पाहिले.

"टाकी कोरडी आहे," तो म्हणाला. "तेल संपलंय, दुसरं काही नाही."

त्याने डबा ओतला, दांडा फिरवला. मोटार खोकली, थरथरली आणि गर्जना करीत चालू झाली. दोन सभासद खड्ड्यात पडले. ढवळ्याने दावे तोडले. हे सगळे आवरल्यावर नवसू हात जोडून पुढे झाला. गेल्या वर्षभरात तो प्रथमच हसत होता.

"चालली, साहेब. आता बैल नेतो."

"थांब," अध्यक्ष म्हणाले, आणि मिस्त्र्याकडे वळले. "बिघाड कोणता होता?"

"बिघाड नव्हताच."

"मग दुरुस्ती कसली केलीत?"

"केलीच नाही."

अध्यक्षांनी हा पेच मंडळापुढे ठेवला. दुरुस्ती झाली नसेल तर दुरुस्तीचा दाखला देता येणार नाही, आणि दाखल्याशिवाय कोणताही भाग वेगळा होणार नाही. शिवाय दसऱ्याला शाळेचे उद्घाटन होते. पाहुणे येणार, आणि एवढ्या मोठ्या दुरुस्तीशाळेत नादुरुस्त वाहन एकही नाही, हे बरे दिसले नसते. मंडळाने एकमताने ठरवले की मोटार नादुरुस्तच आहे. मिस्त्र्याने ओतलेले तेल उपसून काढण्यात आले, त्याचे आभार मानण्यात आले आणि त्याला परत पाठवण्यात आले.

त्या दिवशी नवसू घरी आला आणि भिंतीला टेकून बसला. त्याला रडायचे होते, पण चैतीसमोर रडू येईना. चैतीला आणखी एक गोष्ट कळली होती. लागोपाठ दोन वर्षे पडीक राहिलेले खाचर काढून दुसऱ्याला देतात, आणि तलाठी कालच बांधावर उभा राहून गेला होता.

"आवंदा चिखल झाला नाय तं शेत जाल," ती म्हणाली. "कवर पाया पडशील त्यांच्या? त्यापरीस तूच जाऊन बांधून घे. बैल धाड घरी."

चैती हे संतापाने बोलली. पण नवसू रात्रभर त्यावर विचार करत राहिला, आणि सकाळी देवजीरावांसमोर जाऊन उभा राहिला.

"साहेब, रकाना रिकामा नाय ठेवायचा, एवढंच नं? मंग माजं नाव लिवा. बैल सोडा."

देवजीरावांनी टाक खाली ठेवला. इतके सोपे उत्तर मंडळाला वर्षभरात सुचले नव्हते. "पण अरे, बैल दोन आहेत. तू एक."

"माज्यात दोघांचं बळ कुठून आणू?"

देवजीराव खरोखरच भले गृहस्थ. त्यांनी जुन्या वह्या धुंडाळल्या आणि एका घोड्याचा टांगाही वाहन म्हणून मान्य असल्याचा आधार शोधून काढला. मंडळाने मोटारीला 'दोन जनावरी' वर्गातून 'एक जनावरी' वर्गात बदलून घेतले. 'ओढणारी जनावरे : दोन' यातल्या 'दोन'वर देवजीरावांनी तांबड्या शाईने रेघ मारली आणि सुबक अक्षरांत लिहिले : एक. नवसू. वर्ण सावळा.

बैल त्याच दिवशी पाड्यावर गेले. नांगर चैतीचा भाऊ सखा याने धरला. वेळेवर चिखलणी झाली, आवणी झाली, खाचर वाचले. नवसू उत्तरेकडच्या गव्हाणीपाशी उभा राही. तो निघून गेला असता तर बैल परत आणले असते, म्हणून त्याला दावे लावायची गरज नव्हती. ओढणाऱ्या जनावरांना भाकरीची तरतूद नसल्यामुळे चैती रोज दोन कोसांवरून त्याची भाकरी आणू लागली. सोमवारी शिपाई त्याच्या गुडघ्यांना वंगण चोपडत असे. पावसाळी गारठ्यात देवजीराव ते थोडे कोमट करून द्यायला सांगत.

उद्घाटनाला मुंबईहून पाहुणे आले. त्यांत एक गृहस्थ फार सुशिक्षित, उदार विचारांचे, वर्तमानपत्रांतून लिहिणारे. त्यांनी नोंदवही चाळली आणि त्या रकान्यापाशी थबकले. देवजीरावांना विचारले. देवजीरावांनी गंभीरपणे सगळे पहिल्यापासून सांगितले : मोटार कशी आली, गव्हाणी का बांधल्या, वंगण कुठे कुठे लावले. गृहस्थांना हसू आवरेना. टाकीचा प्रसंग ऐकताना तर ते खुर्चीचा हात धरून हसले आणि डोळे पुसू लागले. मग शेवटच्या पानावर अभिप्राय लिहिण्यासाठी त्यांनी टाक शाईत बुडवला.

गव्हाणीपाशी उभा असलेला नवसू दोन पावले पुढे आला.

"साहेब, हसून झालं असंल तं माजं तेवढं नाव खोडा. टाक तुमच्या हातात हायच."

गृहस्थांनी त्याच्याकडे पाहिले. त्यांना मनापासून वाईट वाटले. ते देवजीरावांना म्हणालेही, की बिचाऱ्याचे काहीतरी करायला हवे. मग त्यांनी लिहिले : 'अशी गंमत जन्मात ऐकली नाही. पोट धरून हसलो. ही हकीकत चार लोकांत अवश्य सांगेन.' खाली झोकदार सही केली.

त्यांनी शब्द पाळला. त्यांनी ती मित्रांना सांगितली, मित्रांनी आपल्या मित्रांना. प्रत्येक जण हसला, प्रत्येकाने हळहळ व्यक्त केली आणि ती पुढच्याला सांगितली. अशीच ती माझ्यापर्यंत आली, आणि माझ्याकडून आता तुमच्यापर्यंत. तुम्ही कुठे कुठे हसलात ते तुमचे तुम्हाला ठाऊक. नाव अजून त्या रकान्यात आहे.