टोपीखालची वेणी

उजव्या मनगटातली दबलेली नस ऑपरेशननं सोडवून घेतल्याला नऊ दिवस झाले होते, आणि हात उशीवर ठेवून पडल्या पडल्या छोटीच्या आईला एकच प्रश्न छळत होता. ही वेणी घालतं कोण?

छोटीला शाळेत पाठवायचं काम नवऱ्यानं अंगावर घेतलं होतं. "तू उठू नकोस, डॉक्टरांनी हात वर ठेवायला सांगितलाय," म्हणून तो खोलीचं दार ओढून घ्यायचा. इथपर्यंत ठीक. पण दुपारी छोटी परतायची ती दोन घट्ट, सारख्या वेण्या घालून. भांग तर पट्टीनं आखल्यासारखा. आणि नवऱ्याला स्वतःच्या बुटाची नाडीसुद्धा एका खेपेत बांधता येत नसे.

"वेण्या कुणी घातल्या गं?"

"बाबानं."

"खरं सांग."

छोटीनं जरा विचार केला. "बाबानं घातल्या असंच सांगायचंय."

आईनं तपास हाती घेतला, म्हणजे डाव्या हाती. नवऱ्याच्या बॅगेची चेन दातांनी ओढावी लागली. आत डबा, छत्री आणि एक गुलाबी कंगवा. कंगव्यात एक लांब केस. खिडकीपाशी नेऊन पाहिला, तर तो छोटीचाच. त्यानं समाधान व्हायच्या ऐवजी संशय वाढला. घरातल्या पोरीचा कंगवा घराबाहेर का हिंडतो?

दुसऱ्या दिवशी तिनं दाराच्या फटीला डोळा लावला. छोटीच्या डोक्यावर कानांपर्यंत लोकरीची टोपी.

"टोपी कशाला रे?"

नवरा दचकला. "गार वारा आहे."

"झाडाचं पान हलत नाहीये."

"व्हॅनमध्ये लागतो."

तिनं धाकट्या बहिणीला फोन लावला. "ताई," बहीण म्हणाली, "पुरुषाला एकदम वेणी यायला लागली की ती कुणीतरी शिकवलेली असते."

"तेवढं मलाही कळतं. कुणी, ते सांग."

झालं. इमारतीतली लांब केसांची एकेक बाई तिच्या डोळ्यांसमोरून जाऊ लागली. पण खरं मनाला काय लागलं होतं, ते तिनं बहिणीलाही सांगितलं नाही. आदल्या दिवशी छोटी सहज म्हणाली होती, "आई, तू ओढायचीस. ही वेणी दुखत नाही."

अकराव्या दिवशी दार लागल्याचा आवाज आला तशी ती उठली. नवऱ्याचं जॅकेट एका बाहीनं चढवलं, बांधलेला हात छातीशी धरला आणि जिना उतरली.

कोपऱ्यावर शाळेची व्हॅन उभी होती. पायरीवर छोटी. मांडीवर टोपी. तिच्या उजव्या वेणीवर व्हॅनवाले काका, दातांत रबरबँड धरून. डाव्या वेणीवर नवरा, घामाघूम.

"साहेब, पेड किती?"

"तीन."

"मग तुमच्या हातात चार का?"

"चौथा मधूनच निघाला."

"मधून काही निघत नसतं. माझ्या तीन पोरी आहेत, मला नका सांगू."

तेवढ्यात नवऱ्याची नजर वर गेली आणि चारही पेड सुटले. "तू... तू हात वर ठेव आधी."

"कधीपासून चाललंय हे?"

"ऑपरेशनपासून," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "पहिल्या दिवशी मीच घातली होती. काकांनी तिला व्हॅनमध्ये बसूच दिलं नाही."

"अशी पोर उतरवली तर नाव माझं जातं, वहिनी," काका म्हणाले.

"पण मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर एका हातानं घालायला उठली असतीस."

उठली असती.

काका तिच्या डोक्याकडे बघत होते. अकरा दिवस डाव्या हातानं जेवढे जमले तेवढेच विंचरलेले केस तिनं मागे कपड्यांच्या चिमट्यात अडकवले होते.

"बसा," ते म्हणाले.

"छे, मला काय करायचंय."

"बसा हो. अजून सहा मिनिटं आहेत. साहेबांना मोठ्या केसांवर लवकर समजेल."

तिनं रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं. ओळखीचं कुणी नव्हतं. छोटी सरकली, आणि ती पायरीवर टेकली. काकांनी चिमटा काढला, नवऱ्यानं श्वास रोखून कंगवा घातला.

व्हॅनच्या खिडकीतून दोन वेण्यांचं एक डोकं बाहेर आलं. बराच वेळ तिला न्याहाळून त्यानं संशयानं विचारलं, "काका, ही कुठल्या वर्गात आहे?"